डाव्या हाताच्या रेघा

किन्हीराजा गावातल्या बुद्धविहारामागे ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी झाली, तेव्हा लिलाबाई खिल्लारे तुरीच्या शेतातून घरी चालली होती. अंगणात सागवानाच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. चार फूट लांब, चार बोटं रुंद. वरून गुळगुळीत, पिवळसर तपकिरी. उलटून पाहिलं की खाली काळाकुट्ट थर. ढिगाशेजारी बाबूलाल गुरुजी उभे होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी हातात खडू होताच.

"लिलाबाई, सागवान हाय, अस्सल," गुरुजी म्हणाले. "आपल्या अभ्यासिकेले."

विहाराला लागून अभ्यासिकेची खोली बांधली त्याला दोन वर्षं झाली होती. गावातली पोरंपोरी तिथं पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला बसत. डिसेंबर लागला की खालची फरशी अशी गार पडायची की सतरंजी टाकूनही पोरांचे पाय आखडत. वाशीमला एका संस्थेचा खेळाचा जुना हॉल पाडायला काढला होता. त्या संस्थेत गुरुजींचा एक जुना विद्यार्थी होता. तो म्हणाला, लाकूड उचलून न्यायची तयारी असेल तर घेऊन जा, नाहीतर ते भंगारात जाईल. गुरुजी चार माणसं आणि पहारी घेऊन गेले. चार दिवस ते लाकडी जमीन उखडत होते, आणि गुरुजींनी मास्तरकीच्या सवयीनं प्रत्येक पट्टीवर ओळ आणि आकडा खडूनं टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या मालेगावहून हरीओम मिस्त्री आला. त्यानं एक पट्टी उचलली, वास घेतला, खालच्या काळ्या थरावर नख ओढलं.

"लाकूड सोन्यासारखं हाय, गुरुजी. पन हे काळं निघाल्याबिगर मी एक पट्टी बसवत नाई. कुठी जाड, कुठी पातळ. जमीन डुगडुग करंन."

"मशीन लावून घासून टाक ना मंग."

"मशीन लावली का हे गरम होते अन् वितळते. दोन पट्ट्यांत घासकागद भरून जाते. रंध्यानं काढावं तं पात्याची धार चालली. हे हातानंच खरवडा लागते. अन् तोंडाले फडकं बांधून, ओलं करून. जुना गोंद हाय, याची धूळ छातीत गेलेली बरी नाई."

गुरुजींनी बचत गटातल्या बायकांना विचारलं. पाच जणी तयार झाल्या. तुरीच्या काढणीला अजून वेळ होता. त्यांत लिलाबाई होती.

लिलाबाईचं वय सत्तेचाळीस. बांधा बारीक, बोलणं कमी. नवरा जाऊन तेवीस वर्षं झाली होती. शाळेत खिचडी शिजवणं, सोयाबीन सोंगणं, रस्त्याच्या कामावर खडी वाहणं, यातलं काही करायचं तिनं बाकी ठेवलं नव्हतं. एकुलता मुलगा सतीश पुण्याजवळ चाकणला एका कारखान्यात कामाला लागला होता. घरात ती एकटी. कामाला नाही म्हणायची सवय तिला नव्हती, म्हणून ती इथंही आली.

पहिले दिवस वाईट गेले. खुरप्यानं खरवडलं तर लाकडाला ओरखडे पडत. उन्हात बसून काम करायचं म्हटलं तर दहा वाजताच काळा थर मऊ होई, खुरप्याला, बोटांना, लुगड्याला चिकटे. तिसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी लिलाबाईनं स्वतःच्या डोक्यानं ट्रॅक्टरमधलं थोडं डिझेल मागून घेतलं आणि फडक्यानं पट्ट्यांवर चोळलं. काळं भराभर सुटलं. तिला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत तिनं अकरा पट्ट्या साफ केल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या.

हरीओमनं त्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "माय वो! हे डिझेल लाकडात मुरलं ना. आता यावर पॉलिश धरत नाई, अन् खोलीतला वास वर्षभर मरत नाई."

अकरा पट्ट्या बाद झाल्या. लिलाबाई खाली मान घालून उभी राहिली. हरीओम वयानं तिच्याहून लहान. तिचा चेहरा पाहून तो वरमला. पिशवीतून त्यानं एक हत्यार काढलं. जुन्या रंध्याचं रुंद पातं त्यानं लाकडी मुठीत बसवलं होतं.

"हे ठिवा तुमच्यापाशी. उभं धरू नोका. झोपवा. पट्टीशी जवळजवळ सपाट. अन् रेट देऊ नोका, नुसतं सरकवा."

ते हत्यार हातात घेऊन लिलाबाई दुसऱ्या दिवशी उजाडताच आली, कारण दिवाळीची सुट्टी संपली होती आणि नऊला तिला शाळेत खिचडीला जायचं होतं. अंगणात धुकं होतं. पट्ट्या रात्रभर बाहेर पडलेल्या, हाताला लोखंडासारख्या गार लागत होत्या. तिनं पातं झोपवून सरकवलं आणि काळा थर पापडासारखा तडकून उडाला. ती दचकली. पुन्हा सरकवलं. पुन्हा तळहाताएवढी खपली निघाली, आणि खाली लाकूड कोरडं, स्वच्छ. जे उन्हात गुळाच्या पाकासारखं चिकटत होतं ते थंडीत काचेसारखं ठिसूळ झालं होतं.

तेव्हापासून वेळ ठरली. पहाटे साडेपाच ते नऊ. बाकीच्या बायकांना त्या थंडीत येणं जमेना; एकीचं नातवंड लहान, एकीला दमा. शेवटी लिलाबाई एकटीच उरली. वर पाण्याचा शिपका, तोंडाला फडकं, निघालेल्या खपल्या एका पोत्यात. ते पोतं जाळायचं नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. रोज पंधरा-वीस पट्ट्या होत. कधी नव्हे ते तिला एखादं काम असं जमलं होतं की पाहणारा थांबून पाहील.

एका सकाळी गुरुजी चहा घेऊन आले. पेपर वाचत बाजूला बसले आणि सहज म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली असतील या जमिनीले. वाशीम जिल्हा झाला ना, त्याच्या आदल्या हिवाळ्यात बसवली म्हने. हॉलमंदी एका अंगाले स्टेज होतं, दुसऱ्या अंगाले मोठ्ठा लोखंडी दरवाजा."

लिलाबाईचा हात थांबला.

"निळा दरवाजा?" तिनं विचारलं.

"हो, निळा. तुले कसं माहीत?"

"आमच्या यानं बसवली ते," ती म्हणाली.

गुरुजींना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांनी पेपर घडी करून खाली ठेवला. लिलाबाईनं ती पट्टी पुरी केली, हात धुतले आणि शाळेत गेली.

तिचा नवरा गोविंदा खिल्लारे. घराण्यात कुणी सुतारकी केलेली नव्हती. तो सोळाव्या वर्षी मुंबईला गेला, बांधकामावर बिगारी झाला, आणि लाकडी जमिनी बसवणाऱ्या एका ठेकेदाराच्या हाताखाली काम शिकला. लग्न झालं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. वर्षातून दोनदा घरी येई, दिवाळीला आणि एप्रिलात जयंतीला. आठ दिवस, दहा दिवस. लिलाबाईनं नवरा पाहिला तो असा तुकड्यातुकड्यांनी.

एकदाच वेगळं झालं. त्या ठेकेदाराला वाशीमचं काम मिळालं आणि त्यानं गोविंदाला पाठवलं, सोबत एक राजस्थानी मिस्त्री दिला. गोविंदा घरी आला आणि म्हणाला, "चाल, सामान बांध. दोन महिने वाशीममंदी राहाचं." सतीश तेव्हा सात महिन्यांचा. हॉलच्या मागे खेळाडूंची कपडे बदलायची एक खोली होती. तिथं त्यांनी चूल मांडली.

ते दोन महिने. लिलाबाई वीस वर्षांची होती. काळ्या गोंदाचे डबे सकाळी जड होऊन बसत. ती ते उन्हात नेऊन ठेवी, मऊ झाले की उचलून आणी. गोविंदा गुडघ्यांवर बसून दातेरी थापीनं सिमेंटच्या जमिनीवर गोंद पसरी. थापीच्या दातांनी गोंदात बारीक रेघा उठत, शेतात वखर फिरवल्यासारख्या. त्यावर तो पट्टी ठेवी, ठोकून बसवी, पुढची घेई. राजस्थानी मिस्त्री दरवाजाकडून सुरू झाला होता आणि गोविंदा स्टेजकडून. दोघं रोज थोडे जवळ येत. गोविंदा डावखोरा होता. राजस्थानी त्याला हसायचा, म्हणायचा की तुझी थापी उलटी चालते. गोविंदा म्हणायचा, "उलटी चालली तं काय झालं, तुह्या अगोदर मधात येतो का नाई पाह्य." आणि खरंच यायचा.

सतीश पहिल्यांदा रांगला तो त्या नव्या लाकडावर. गोविंदानं थापी टाकली आणि त्याच्यामागे गुडघ्यांवर रांगत गेला होता, काळे हात वर धरून, पोराला लागू नयेत म्हणून. लिलाबाई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

काम संपलं. गोविंदा पुन्हा मुंबईला गेला. तीन वर्षांनी, पावसाळ्यात, गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला की काविळीनं गोविंदा गेला. निरोप यायला दोन दिवस उशीर झाला होता. सोबतच्या माणसांनी तिकडंच सगळं उरकलं होतं. लिलाबाईनं त्याचं तोंड पाहिलं नाही. तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या हत्यारांची पिशवीही आली नाही. एक पासपोर्टएवढा फोटो तेवढा राहिला, त्यात तो गालफडं बसलेला, कुणावर तरी रागावल्यासारखा दिसतो. तो तसा नव्हता.

शाळेतून आल्यावर त्या दिवशी लिलाबाई घरी गेलीच नाही. ती पुन्हा विहारामागे गेली. ढिगातून तिनं गुरुजींच्या खडूच्या खुणांवरून स्टेजकडच्या, लागोपाठच्या ओळींतल्या दहा-बारा पट्ट्या शोधून काढल्या, उलट्या केल्या आणि आकड्यांप्रमाणे एकमेकींना भिडवून मांडल्या. एका पट्टीवर तुटकतुटक दिसणाऱ्या रेघा शेजारच्या पट्टीवरच्या रेघांना जाऊन मिळाल्या. काळ्या गोंदात सूपभर रुंद अर्धगोल उमटले. एकावर एक, एकावर एक. थापी कुठून टेकली, कशी फिरली, कुठं उचलली, सगळं तसंच होतं. सत्तावीस वर्षं लाकडाखाली झाकलेलं, ना ऊन, ना हात लागलेला.

मग तिनं दुसऱ्या टोकाच्या, दरवाजाकडच्या ओळी काढून मांडल्या. तिथले अर्धगोल दुसऱ्या बाजूला झुकलेले होते. ती किती तरी वेळ इकडून तिकडं, तिकडून इकडं बघत उभी राहिली. मग स्टेजकडच्या पट्ट्यांजवळ खाली बसली आणि हात न लावता नुसती पाहत राहिली. ऊन सरकत पट्ट्यांवर येऊ लागलं तशी तिनं घाईघाईनं पट्ट्यांवर चटई टाकली.

त्यानंतर ती फक्त दरवाजाकडच्या पट्ट्या खरवडू लागली. स्टेजकडच्या तिनं वेगळ्या रचल्या, सावलीत, वर पोती टाकून. कुणाला काही सांगितलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरीओम पाहणीला आला तेव्हा त्याच्या ते लक्षात आलं.

"या काहून बाजूले ठेवल्या?"

"करतो ना मंग."

"तीन जानेवारीले गुरुजीले खोली चालू कराची हाय. मले आठ दिवस तरी पाह्यजे." तो पोतं उचलून पाहू लागला. "काई खराबी हाय का यात?"

लिलाबाईनं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. हरीओमनं एक पट्टी हातात घेतली. तिच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला पुढं आलेली जीभ होती.

"ही जीभ पुढं असते, मंजे मानूस या अंगाले बसून काम करून राह्यला होता," तो रेघांवरून बोट फिरवत म्हणाला. "हो. डेबराच होता, डाव्या हाताचा. खरं हाय तुमचं." मग पट्टी उजेडाकडं धरून म्हणाला, "हात साफ होता त्याचा. कुठी गोंद जास्त नाई, कुठी कमी नाई. एवढं सारखं मले नाई जमत."

तेवीस वर्षांत गोविंदाबद्दल नवं असं कुणी काही बोललं नव्हतं. लिलाबाई पदर तोंडाशी धरून दुसरीकडं पाहू लागली.

"पन काढा तं लागंन, लिलाबाई," हरीओम हळू म्हणाला.

"मले माहीत हाय ना. सतीशले एकदा दावतो. मंग काढतो."

संध्याकाळी तिनं शेजारच्या मुलीकडून सतीशला व्हिडिओ फोन लावून घेतला. पट्ट्या मांडल्या, फोन वर धरला.

"माय, नुसतं काळं-काळं दिसून राह्यलं," सतीश म्हणाला. मागं कारखान्याच्या कँटीनचा आवाज होता.

"रेघा नाई दिसत? गोल-गोल?"

"दिसून राह्यल्या थोड्या. बरं, पाह्यलं. तू काढून टाक ना. पोरीले फोटो घ्याले सांग. मले सुट्टी नाई भेटत, वर्षाखेर हाय."

"बरं," लिलाबाई म्हणाली.

सतीशचं चुकलं असंही म्हणता येत नाही. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला बाप आठवतच नव्हता. त्याच्यासाठी बाप म्हणजे तो फोटो. लहानपणी तो विचारायचा, बाबा कसे होते? लिलाबाई म्हणायची, चांगले होते. त्यापुढं तिला सांगता यायचं नाही. पोरासमोर रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं. हळूहळू पोरानं विचारणं सोडलं.

डिसेंबरच्या मध्यात आभाळ आलं. थंडी एकदम पळाली. चार दिवस पहाटेसुद्धा पट्ट्या कोमट, गोंद चिवट. काम बंद. गुरुजी काळजीत पडले. लिलाबाईला मात्र मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. पाचव्या दिवशी आभाळ फाटलं आणि गारठा दुप्पट होऊन परत आला. दरवाजाकडच्या सगळ्या पट्ट्या झाल्या होत्या. आता तिच्यापुढं फक्त गोविंदाच्या उरल्या.

तिनं सगळ्यात कडेच्या ओळीपासून सुरुवात केली. पहिली पट्टी मांडीवर घेतली, पातं टेकवलं आणि तशीच बसून राहिली. मग सरकवलं. खपली उडाली. त्या दिवशी तिच्या हातून सहाच पट्ट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास रस्त्यावर ऑटो थांबला. पाठीवर पिशवी, डोळे तांबारलेले, असा सतीश विहाराच्या कोपऱ्यावरून येताना दिसला.

"अरे! सुट्टी नाई म्हनत होता ना?"

"नव्हतीच." तो जवळ येऊन उकिडवा बसला. "तू नुसतं बरं म्हनाली ना, माय. भांडली असती तं आलो नसतो. किती काढल्या?"

"लय नाई. हाय अजून."

त्यांनी दोघांनी मिळून अंगणभर पट्ट्या मांडल्या, ओळीत, आकड्यांप्रमाणे, उलट्या. पंधरा-सोळा ओळी झाल्या. सकाळचं ऊन तिरपं पडलं तशी एकेक रेघ सावली धरून वर उठली. फोनमध्ये जे नुसतं काळं दिसलं होतं, ते आता समोर पसरलं होतं. एका माणसानं गुडघ्यांवर मागं-मागं सरकत केलेली दिवसाची हालचाल, हातामागून हात.

सतीश चप्पल काढून बाबांच्या जागी, पट्ट्यांच्या अलीकडं, गुडघ्यांवर बसला. हातात एक चिपाड घेतलं आणि रेघेवरून फिरवून पाहू लागला. उजव्या हातानं ते बसेना; हात भलतीकडं जाई. त्यानं चिपाड डाव्या हातात घेतलं. आता रेघ बरोबर धरली गेली. पण अर्धगोलाच्या पार टोकाशी जाईपर्यंत त्याचा हात संपला. तो पुढं वाकला, तरी वीतभर कमीच पडला. पुन्हा केलं. दुसऱ्या अर्धगोलावर, तिसऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी तेवढाच हात कमी पडत होता.

"माय," तो मागं न पाहता म्हणाला, "बाबा एवढे उंच होते?"

"आपल्या दारातून वाकून याचे."

"मले वाटे, बारके असतीन. त्या फोटोत तसेच दिसतात."

"तो फोटो बेमारीतून उठल्यावरचा हाय. तसे नव्हते ते." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती थांबली नाही. "चालले का त्याहीच्या संगं मले पळा लागे. वरच्या फळीवरचा डबा म्या कदी हातानं काढलाच नाई, तेच काढून देत. अन् तू. तू याच लाकडावर रांगला. तुह्या मांगं रांगत गेल्ते, हात असे वर धरून..." तिनं आपले हात वर धरून दाखवले. काळे झालेले, थंडीनं फुटलेले हात. सतीश वळून तिच्याकडं पाहत होता. तो सत्तावीस वर्षांचा, बाप गेला तेव्हा होता त्याहून दोन वर्षांनी लहान. ती रडत होती आणि ते लपवत नव्हती.

सतीश तीन दिवस राहिला. तिन्ही सकाळी मायलेकांनी मिळून त्या पट्ट्या खरवडल्या. सतीश पातं उभं धरायचा आणि लाकूड कोरायचा.

"झोपव रे त्याले. रेट नोको देऊ."

"निघत नाई ना झोपवलं तं."

"निघते. गार हाय तोवर निघते."

एकेक अर्धगोल मोडत गेला. खपल्या पोत्यात पडत राहिल्या. सतीशनं एकदा विचारलं की एक-दोन पट्ट्या तशाच ठेवायच्या का. लिलाबाईनं ढीग मोजून पाहिला; अकरा तिच्या हातून वाया गेल्या होत्या, काही उखडताना तुटल्या होत्या, खोलीला जेमतेम पुरतील एवढ्याच होत्या. "पोरं उघड्या फरशीवर बसतीन का मंग?" ती म्हणाली. शेवटी मधून चिरलेला एक हातभर तुकडा, जो हरीओमच्या कामाचाच नव्हता, तेवढा तिनं पदराखाली घरी नेला.

हरीओमनं पट्ट्या बसवल्या. तीन जानेवारीला खोली सुरू झाली. पोरं येऊन पहिल्यांदा जपूनजपून बसली, मग ऐसपैस. गुरुजींनी लिलाबाईला शाल दिली. तिनं ती घेतली, फोटोला उभी राहिली, आणि बायकांसोबत चहा वाटायला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खोली रिकामी होती तेव्हा ती एकटी आत जाऊन आली. जमीन पायाला उबदार लागत होती. पॉलिशचा वास येत होता. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. कुठली पट्टी स्टेजकडची, कुठली दरवाजाकडची, आता काही ओळखू येत नव्हतं. तिला वाटलं होतं इथं आल्यावर तो असल्यासारखा वाटेल. तसं झालं नाही. चांगली जमीन होती, एवढंच.

घरी नेलेला तुकडा तिनं टिनाखाली, आड्याजवळच्या फळीवर ठेवला होता. एप्रिलात टिनं तापली. एका दुपारी तिनं तो सहज खाली काढला तर रेघा उरल्या नव्हत्या. गोंद वितळून एकमेकांत मिसळला होता. काळा, चकचकीत, सपाट थर. तिनं बोट लावलं, ते चिकटलं. त्या दिवशी ती जितकी रडली तितकी पट्ट्या खरवडतानाही रडली नव्हती. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी जयंतीच्या तयारीला बायका बोलवायला आल्या तेव्हा तोंड धुऊन गेली.

आता हरीओम तिला कामाला बोलावतो. जुन्या घरांचं, बंगल्यांचं लाकूड मालेगावला त्याच्याकडं येतं आणि त्यावरचा गोंद, रंग, डांबर काढायचं काम लिलाबाईचं. हिवाळ्यात पहाटेच्या एसटीनं ती जाते. दोन बायकांना तिनं शिकवलंही आहे.

आणि सतीशचा फोन पूर्वीपेक्षा जास्त येतो. कामाचं बोलून झालं की तो हळूच विचारतो. बाबा चहा कसा पीत? गाणं म्हणत का? कुणाशी भांडले होते का कधी? लिलाबाई सांगते. पण असं सांगता सांगता तिच्या ध्यानात येऊ लागलं की तिच्यापाशी फार नाही. दोन महिने, आणि काही दिवाळ्या. एकदा त्यानं विचारलं, "बाबाले पोहता येत होतं का, माय?"

तिनं आठवून पाहिलं. काहीच आठवेना.

"ते मले नाई माहीत, रे," ती म्हणाली.

फोन ठेवला, पण ते तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी ती एसटीत बसली आणि धनजला गेली. तिथं गोविंदाची मोठी बहीण रुपाबाई दिलेली होती. वय साठीला टेकलेलं, कानानं कमी. कित्येक वर्षांत भेट नव्हती. चहा झाला, लेकरांची चौकशी झाली. मग लिलाबाईनं तिच्या कानाशी वाकून विचारलं.

रुपाबाई आधी चमकली. मग तिच्या बोळक्या तोंडावर हसू पसरलं.

"गोविंदा? अवो, तो विहिरीतून निघेच ना! बाप काठी घेऊन काठावर उभा राहे, अन् हा आतून हासे. बुडी मारे ते दुसऱ्या कोपऱ्यात निघे. आमाले वाटे, मेला. डोळे मिटून बसो आमी. अन् तो तिकडून हाक मारे, 'रुपा, मी इकडं हाय!'"

परतीच्या गाडीत लिलाबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. फोन हातात होता. सतीशचं नाव तिला आता स्वतः शोधता येत होतं. तिनं ते काढलं, पण दाबलं नाही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. आजचा एक दिवस ती विहीर, तो काठावरचा सासरा आणि पाण्यातून डोकं वर काढून हसणारा तो पोरगा, हे सगळं तिनं स्वतःपाशीच राहू दिलं.